पात्यापासून पंधरा मीटर

नागपूर जिल्ह्यातल्या उमरेडच्या कितीतरी घरांत कमाई दोन ठिकाणांहून येते. एक जण डब्ल्यूसीएलच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) खुल्या कोळसा खाणीत ड्यूटीला जातो, दुसरा घरचं वावर सांभाळतो. पुष्कळदा हे दोघे म्हणजे एकच माणूस असतो, सकाळची पाळी संपवून दुपारी धुऱ्यावर जाणारा. खाणीत सुरुंग उडवण्याआधी भोंगा होतो, ठरलेल्या हद्दीतली माणसं बाहेर काढली जातात, वाटा अडवल्या जातात. कारण फुटलेला दगड कुठवर जाईल याचा नेम नसतो. नव्या कामगाराला १९६६ च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांप्रमाणे आधी प्रशिक्षण, मग काम. हेल्मेट आणि बूट तिथे सक्तीचे. तोच माणूस घरी येतो, पायात चपला सरकवतो, गळ्यात दुपट्टा टाकतो आणि गवत कापायची मशीन खांद्याला लावून दोरी ओढतो. त्याच्या मागे चार पावलांवर घरची बाई चाऱ्यासाठी गवत गोळा करत असते आणि बांधावर पोरं बसलेली असतात. इथे भोंगा कोणी वाजवत नाही. पण दगड इथूनही उडतो.

खाण आणि धुरा यांच्यातल्या या फरकाबद्दल हे प्रकरण आहे. हातात धरून चालवायची इंजिनाची यंत्रं आता बंगल्यांच्या बागांपुरती राहिलेली नाहीत. ब्रश कटर, चेन सॉ, पाठीवरचा पॉवर स्प्रे, पाला उडवणारा ब्लोअर, खड्डे खणणारा ऑगर ही सगळी गेल्या काही वर्षांत गावात आली आणि गावकऱ्यांनी ती आपली मानली. यंत्र आलं ते बरंच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सप्टेंबरातल्या उमसीत वाकून निंदण करणाऱ्या बाईची कंबर ज्याने पाहिली आहे, तो यंत्राला नावं ठेवणार नाही. पण यंत्राबरोबर यायला हवी होती ती शिस्त दुकानातल्या खोक्यातच राहिली.

यातलं सर्वांत जास्त चालणारं यंत्र म्हणजे ब्रश कटर. गावात त्याला ग्रास कटर म्हणतात, नाहीतर नुसतं कटर. निंदणाला मजूर वेळेवर मिळत नाहीत, सलग पाऊस लागला की डवरा चालत नाही आणि तेवढ्या आठ दिवसांत सोयाबीनच्या ओळीत, पऱ्हाटीत, धुऱ्यावर तण कमरेपर्यंत येतं. तरोटा, गाजरगवत, पांदणीच्या कडेची बेशरम हे सगळं इळ्याने कापत बसायचं तर आठवडा जातो. दोन लिटर पेट्रोलमध्ये कटर तेच काम सकाळभरात उरकतो. शासनाच्या कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानानेही ही यंत्रं छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यात आणली.

या यंत्रात दोन घराणी एकत्र आली आहेत. एक पात्याचं: दोन, तीन किंवा ऐंशी दातांचं पोलादी पातं. दुसरं दोरीचं. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या जॉर्ज बॅलस यांना १९७१ साली मोटार धुण्याच्या केंद्रातले गरगर फिरणारे ब्रश पाहून कल्पना सुचली. त्यांनी पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली, त्यांत मासे पकडायची नायलॉनची दोरी ओवली आणि डबा फिरवला. झाडाच्या बुंध्याला इजा न करता भोवतालचं गवत कापलं जावं, एवढीच त्यांची गरज होती. आपल्याकडे नाल्यावर गळ टाकणारा ज्याला तंगूस म्हणतो, तीच ही दोरी, जाड केलेली. दोरी मऊ असते म्हणून ती निरुपद्रवी, असा समज मात्र करून घेऊ नये. त्यासाठी थोडा हिशेब करू.

दहा इंची पात्याचा व्यास सुमारे २५५ मिलिमीटर, म्हणजे घेर ८० सेंटिमीटर. ते मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक सेकंदाला ९३ मीटर अंतर कापतं. ताशी ३३५ किलोमीटर. नायलॉनच्या दोरीचा फेरा मोठा असतो. ४० सेंटिमीटर व्यास आणि मिनिटाला ६,००० फेरे धरले, तरी टोकाचा वेग ताशी ४५० किलोमीटर निघतो. पात्याच्या वेगाचा अर्धाच जरी एखाद्या गोट्याला मिळाला, तरी १५ मीटर अंतर तो सेकंदाच्या एक तृतीयांश भागात पार करतो. ‘अरे, सरक’ म्हणायला तेवढा वेळ पुरत नाही.

पंधरा मीटर हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. कोणत्याही चांगल्या कटरच्या दांड्यावर किंवा गार्डवर एक छोटं चित्र चिकटवलेलं असतं: दोन माणसं, मध्ये दोन्हीकडे टोकं असलेला बाण आणि खाली १५ मीटर. पहिल्याच हंगामात चिखलाने ते चित्र पुसून जातं. चालवणाऱ्याखेरीज दुसरं कोणीही, माणूस असो की बैल, या अंतराच्या आत असू नये, एवढाच त्याचा अर्थ आहे. वावरात हे अंतर मोजायला टेप लागत नाही, मोठी वीस पावलं टाकली की झालं. आणि हे किमान अंतर आहे. मुरमाड जमिनीवर, रस्त्याकडेला, गिट्टी पडलेल्या जागी ते वाढवायला हवं.

माझं निरीक्षण असं, की कटरच्या धोक्यात सर्वांत आधी येतो तो चालवणारा नव्हे. तो निदान पात्याच्या मागे उभा असतो, मध्ये गार्ड असतो, उडालेला बहुतेक कचरा त्याच्यापासून दूर जातो. धोक्यात असते ती गवत गोळा करणारी बाई. तिच्या डोळ्यांवर चष्मा नाही, पायांत बूट नाहीत, ती वाकलेली आहे, म्हणजे तिचा चेहरा नेमका उडत्या खड्यांच्या उंचीवर आहे. कापणं आणि गोळा करणं ही कामं एकाच वेळी करायची नाहीत, हा घरात पाळायचा पहिला नियम. आधी एक पट्टा पूर्ण कापून मशीन बंद करायची आणि मग गवत उचलायचं. वेळ थोडा जास्त जातो, पण मजुरीच्या हिशेबातही तो परवडतो. अंगावर घेतलेल्या कामात हे पाळणं अवघड होतं, कारण कटरवाल्याला पुढच्या वावरात जायची घाई असते. म्हणून ही अट काम ठरवतानाच मालकाने घालावी.

आता पात्याकडे जरा जवळून पाहू. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक कटरमध्ये, वरून पाहिलं तर, पातं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. गार्डवर तसा बाण असतो. समोरचं टोक घड्याळातले बारा मानलं, तर डाव्या बाजूचा आठ ते अकराचा भाग हा कापण्याचा भाग. तिथे गवत पात्यात सहज शिरतं. उजवीकडचा बारा ते तीनचा भाग मात्र धोक्याचा. त्या भागाने जाड खुंट, दगड किंवा लोखंडी खांब टिपला, की पातं कापत नाही. आदळतं आणि सगळी मशीन झटक्याने उजवीकडे आणि मागे फेकली जाते. चालवणारा बेसावध असेल तर तो मशीनबरोबर अर्धा वळतो. त्याच्या उजव्या हाताला त्या क्षणी कोण उभं आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून हात उजवीकडून डावीकडे न्यायचा, कापत कापत. परत उजवीकडे येताना मोकळं यायचं. शिकलेला माणूस कंबरेतून वळतो, त्याचे खांदे आणि दांडा एकत्र फिरतात. नवखा माणूस फक्त मनगटं हलवतो आणि तासाभरात दमतो. दमलेल्या हातातलं पातं खाली झुकतं आणि माती, गोटे उडवायला लागतं.

पातं बसवण्याचं काम शांतपणे करायचं. आधी इंजिन बंद, मग स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला. टोपी जागेवर असताना इंजिन चुकून सुरू होण्याची शक्यता कमी असते, पण शून्य नसते. गिअरच्या डोक्यावरच्या भोकात अ‍ॅलन की घालून शाफ्ट अडवायचा. पात्याचा नट बहुधा उलट आट्यांचा असतो. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सैल होतो, उलट फिरवला की घट्ट. अनेक जण इथेच फसतात. सोडवायच्या नादात जोर लावून आणखी आवळतात, शेवटी हातोडी मारतात आणि आटे खराब होतात. खराब आट्यांचा नट चालू कामात सुटला, तर ताशी तीनशे किलोमीटरने फिरणारं पोलाद मोकळं होतं. पात्याला बारीक तडा दिसला, एखादा दात तुटलेला दिसला, तर ते पातं भंगारात जायला हवं. गावातल्या वेल्डरकडून ते जोडून आणू नये. वेल्डिंगने तडा भरतो, पण त्या जागेचा कणखरपणा परत येत नाही आणि पात्याचा तोलही बिघडतो.

गार्ड काढून टाकण्याची सवय तर सर्वत्र आहे. गार्ड काढला की दोरी लांब सोडता येते, रुंद पट्टा कापला जातो आणि गवत अडकत नाही, हे खरंच आहे. पण गार्डमध्ये बसवलेलं छोटं पातं दोरी ठरलेल्या लांबीला कापत असतं. ते गेलं की दोरी वाढते, इंजिनावर ताण येतो, क्लच तापतो. आणि मुख्य म्हणजे चालवणाऱ्याच्या नडग्या उघड्या पडतात. याहून वाईट युक्ती म्हणजे नायलॉन लवकर झिजतो म्हणून त्याऐवजी गाडीची क्लच वायर लावणं. नायलॉनचा तुकडा तुटून उडाला तर वळ उठतो. तारेचा तुकडा तुटला तर तो मांसात घुसतो. तार लावलेला कटर कोणाच्याही हातात दिसला, तर तो तिथेच बंद करायला लावावा, नातं कितीही नाजूक असलं तरी.

काम सुरू करण्याआधी धुऱ्यावरून एक फेरी मारायची, मशीन न घेता, हातात काठी घेऊन. आपल्या भागात गवतात काय काय दडलेलं असतं याची यादी लांब आहे. जुन्या कुंपणाची गंजकी काटेरी तार, ठिबकच्या नळ्या, बियाण्याच्या पिशव्यांच्या सुतळ्या, दारूच्या बाटल्या, मोटारपंपाची केबल. काटेरी तार पात्याला गुंडाळली गेली तर तिचं टोक चाबकासारखं फिरतं. केबल तुटली तर तिच्यात वीज असू शकते. आणि उमरेड, भिवापूर, कुही या पट्ट्यात याहून भयंकर गोष्ट असते: रानडुकरांसाठी रात्री सोडलेल्या उघड्या वीजतारा. त्या बेकायदेशीर आहेत, त्यांनी माणसं मेली आहेत आणि वन्यप्राणीही. शेजाऱ्याने तार लावली आहे का, हे विचारायला संकोच वाटतो, पण कटर घेऊन धुऱ्यावर उतरण्याआधी तो सोडायलाच हवा. काठीने गवत झोडपत गेलं की नागासारखे जीवही बाजूला होतात. कटरच्या आवाजात साप पळून जातात, असं मानून चालू नये. सापाला हवेतला आवाज फारसा जाणवत नाही, त्याला जमिनीची कंपनं जाणवतात. आणि घोणस तर पळण्यापेक्षा जागेवर दबून बसणं पसंत करते.

कऱ्हांडला अभयारण्याला लागून ज्यांची वावरं आहेत त्यांच्यासाठी एक जादा अट. कानांवर मफ लावलेला, खाली पाहत काम करणारा माणूस भोवतालचं काहीच ऐकत नाही. जंगलाच्या कडेला एकट्याने कटर चालवू नये. दुसरा माणूस पंधरा मीटर सोडून, उंचावर, जंगलाकडे तोंड करून उभा असावा. पेट्रोलचा डबा आणि पाणी त्याच्याजवळ. त्याला चालवणाऱ्याचं लक्ष वेधायचं असेल तर त्याने मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही. दचकलेला माणूस पात्यासकट वळतो. समोरून, लांबूनच, दोन्ही हात हलवायचे. हे आधी ठरवून घ्यायचं: एक हात वर म्हणजे थांब, दोन्ही हात म्हणजे मशीन बंद कर.

अंगावर काय घालायचं, हा वादाचा विषय होतो, आणि तक्रार खोटी नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, ऑगस्टात घाम वाळत नाही. अशा हवेत जाड पँट, गमबूट, हेल्मेट घालायला सांगणाऱ्याला गावकरी हसणारच. म्हणून मी सगळं एका दमात सांगत नाही. आधी डोळे. आयएस ५९८३ हा मार्क असलेला, बाजूनेही झाकणारा चष्मा, ही एक वस्तू कोणत्याही हवेत सुटता कामा नये. तोंडावरची जाळी मोठा खडा अडवते, बारीक कण तिच्यातून येतो. म्हणून जाळीखालीही चष्मा हवाच. मग पाय: पुढे पोलादी टोपी असलेले बूट, आयएस १५२९८ मार्कचे, किंवा निदान जाड गमबूट, आणि नडग्यांवर क्रिकेटच्या पॅडसारखं काही बांधलं तरी चालेल. मग कान. आणि एक गोष्ट घालायची नाही, काढायची आहे: गळ्यातला दुपट्टा. तो डोक्याला घट्ट बांधा, टोकं आत खोचा. लोंबता दुपट्टा, सैल लुंगी, साडीचा पदर हे फिरत्या शाफ्टजवळ येऊ द्यायचं नाही. उन्हाचं म्हणाल तर कामाची वेळ बदला. सकाळी सहा ते नऊ कापा, मग थांबा.

कानांविषयी दोन शब्द जास्त, कारण कानाचं नुकसान रक्त काढत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ऐकणं ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते, आणि दर तीन डेसिबल वाढले की वेळ अर्धा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. टू-स्ट्रोक कटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी बहुधा ९५ च्या वर असतो. म्हणजे कानाची दिवसभराची मर्यादा चहाच्या पहिल्या सुट्टीआधीच संपते. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत. फोमचे प्लग किंवा मफच लागतात. कंपनांचंही असंच. १९६० च्या दशकापासून युरोप आणि जपानच्या जंगलांत चेन सॉ चालवणाऱ्यांची बोटं थंडीत पांढरी पडू लागली, बधिर होऊ लागली, तेव्हा उत्पादकांनी मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर आणि स्प्रिंग बसवायला सुरुवात केली. कटर घेताना ते रबर जाड आहे का हे दाबून पाहा, आणि झिजलं की बदला. डिसेंबरच्या सकाळी तुमच्या बोटांची टोकं पांढरी पडून मुंग्या येत असतील, तर ते वयामुळे आहे असं समजू नका.

पेट्रोलच्या बाबतीत गावात सर्वांत मोठा निष्काळजीपणा होतो तो बाटलीचा. पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत पेट्रोल आणि टूटी ऑइल मिसळून ती खोपडीत ठेवली जाते. मिश्रणाचा रंग निळा, हिरवा किंवा तांबडा होतो, सरबतासारखा. तहानलेलं पोरगं ती बाटली तोंडाला लावतं. पोटात गेलेलं पेट्रोल उलटीतून फुप्फुसात उतरलं तर जीवघेणं ठरतं, म्हणून अशा वेळी उलटी करवू नये, सरळ दवाखाना गाठावा. पेट्रोलसाठी झाकणाचा खास डबा आणावा, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावं आणि तो कुलपात ठेवावा.

मिश्रणाचं प्रमाण मशीनच्या पुस्तिकेत असतं. ५० ला १ असेल तर लिटरमागे २० मिलि ऑइल, २५ ला १ असेल तर ४० मिलि. फोर-स्ट्रोक मशीनला मिश्रण लागत नाही, तिचं ऑइल वेगळं. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात महिनाभर ठेवलेलं मिश्रण वापरलं की मशीन मध्येच मरते, कार्बोरेटरचा पातळ पडदा कडक होतो. आठवड्याला लागेल तेवढंच मिसळा. टाकी भरताना मशीन गार होऊ द्या, निदान दहा मिनिटं. गरम सायलेन्सरवर सांडलेलं पेट्रोल पेटतं. भरल्यावर तीन मीटर बाजूला जाऊन मगच दोरी ओढा, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि गवतात खाली बसून राहते. आणि तोंडात बिडी नको, हेही लिहावं लागतं.

इंजिन सुरू होऊन मंद चालत असताना पातं फिरता कामा नये. फिरत असेल तर क्लच किंवा कार्बोरेटरची सेटिंग बिघडली आहे, आणि तो मेकॅनिकचा विषय आहे, वावरात स्क्रू-ड्रायव्हर फिरवून सोडवायचा नाही. खांद्याचा पट्टा असा लावा की हात सोडले तरी मशीन कमरेशी तोलात राहील आणि पातं जमिनीपासून थोडं वर लटकेल. पट्ट्याला ओढताच सुटणारी कडी असते; ती दिवसातून एकदा ओढून पाहा. मशीन पेटली, किंवा पाय घसरून माणूस नाल्यात गेला, तर सुटण्याचा तोच एक मार्ग असतो. काळी माती ओली असताना बुटाला चिकटते आणि पाय दुप्पट जड होतो. धानाच्या बांधीच्या अरुंद, निसरड्या पाळीवर कटर चालवण्यापेक्षा तिथे इळाच बरा.

कटरला रोटरचं डोकं लावून ओळीतलं तण काढण्याची पद्धत पऱ्हाटीत वाढते आहे. त्याचे दात तुमच्या पायांपासून हातभर अंतरावर माती खणत असतात आणि दगड लागला की पायाकडे उसळतात. त्यात मागे चालायचं नाही, हे एवढं पुरे.

चेन सॉबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण तीच बहुतेकांना माहीत नसते. साखळी ज्या पट्टीवर धावते त्या बारच्या नाकाचा वरचा चौथा भाग कशालाही टेकता कामा नये. टेकला, की साखळी कापण्याऐवजी बारला उचलून कपाळाकडे फेकते, आणि साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने धावत असते. पुढचा चेन ब्रेक त्यासाठीच असतो. शिडीवर चढून किंवा खांद्याच्या वर धरून चेन सॉ चालवायचा नाही. धुऱ्यावरचं झाड तोडण्याआधी, सागवान किंवा मोह असेल तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखालची परवानगीही आधी घ्यायची.

वनविभागाच्या लोकांना ब्लोअर चालवताना मी आदराने पाहतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा विदर्भातल्या वणव्याचा हंगाम. त्याआधी जाळरेषा साफ कराव्या लागतात, आणि आग लागल्यावर तोच ब्लोअर पाठीवर घेऊन आगीच्या कडेचा पाला उडवत लाईन मोकळी केली जाते. पाठीवर पेट्रोलची टाकी आणि समोर आग. ते लोक गटाने काम करतात आणि वाऱ्याची दिशा पाहतात. शेतकऱ्याने हा ब्लोअर घेऊन पऱ्हाटीच्या पेटत्या ढिगाशी एकट्याने जाऊ नये.

यंत्र बदललं आणि सवयी तशाच राहिल्या तर काय होतं, हे विदर्भाने एकदा पाहिलं आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी उंच झाली होती, कीटकनाशकं एकत्र मिसळली जात होती आणि जोराने, बारीक तुषार उडवणारे पंप हाताने दाबायच्या पंपांच्या जागी आले होते. तुषार जितका बारीक, तितका तो श्वासात आणि कातडीवर जास्त. पण अंगावर तोच जुना सदरा होता, आणि पाय उघडेच होते. पाठीवरच्या पॉवर स्प्रेला मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि वाऱ्याकडे पाठ ही अट पाळल्याशिवाय हात लावायचा नाही.

कायद्यात यासाठी काय आहे? १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रे (नियमन) कायदा केला, तो मळणीयंत्रात शेतमजुरांचे हात जात होते म्हणून. त्यात सरकारला शेतीतलं दुसरं एखादं यंत्रही अधिसूचनेने धोकादायक ठरवता येतं. माझं मत असं, की कायद्याची वाट पाहण्यापेक्षा अनुदानाची अट जास्त वेगाने काम करेल. कटरला अनुदान देताना त्याच बिलावर मार्कचा चष्मा, मफ आणि बूट असलेच पाहिजेत, आणि जवळच्या आयटीआयमध्ये किंवा कृषी विज्ञान केंद्रात अर्ध्या दिवसाचं प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतल्याचा कागद जोडलाच पाहिजे. खाणीला जे जमतं ते कृषी विभागाला न जमण्याचं कारण मला दिसत नाही.

एवढं करूनही जखम होते. डोळ्यात काही गेलं तर चोळायचं नाही. काडी किंवा तार रुतलेली दिसत असेल तर ती ओढायचीही नाही, पाण्याने धुवायचंही नाही. कागदी कप उलटा ठेवून वरून सैल पट्टी बांधायची आणि नागपूर गाठायचं. गवताचं कूस किंवा धानाचं पान बुबुळाला ओरखडून गेलं, आणि नुसतं खुपतंय असं वाटलं, तरी तो प्रकार साधा नाही. वनस्पतीच्या ओरखड्यातून बुबुळावर बुरशी वाढते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या लाल डोळ्यांच्या थेंबांत स्टेरॉइड असेल, तर बुरशी आणखी वाढते आणि बुबुळावर पांढरा डाग राहून नजर जाते. दोन दिवस वाट न पाहता नेत्रतज्ज्ञ.

बोट तुटलं तर आधी जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं आणि हात वर ठेवायचा. १०८ ला फोन करायचा. तुटलेलं बोट स्वच्छ पाण्याने हलकेच धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळायचं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवी बंद करायची आणि ती पिशवी बर्फात ठेवायची. बोट थेट बर्फात ठेवलं तर पेशी मरतात. त्यावर हळद, चुना, मातीचं काही लावायचं नाही. उमरेडहून नागपूर साधारण तासाभराचा रस्ता आहे; ‘मेडिकल’ला, म्हणजे तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला, निघताना रस्त्यातूनच फोन करून तुटलेला भाग सोबत आणत आहोत असं सांगितलं, तर तिथली तयारी आधी होते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं की नाही, हे डॉक्टर विचारतील. त्याची तारीख घरातल्या कटरच्या पुस्तिकेवरच लिहून ठेवावी.